सेकंदांची वाटणी

२००६ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या पालिका अभियंत्यांचा पगारवाढीवरून प्रशासनाशी वाद चिघळला आणि ते संपावर गेले. प्रशासनाला संपाइतकीच धास्ती होती ती वाहतूक सिग्नलच्या संगणकाची. म्हणून संपाच्या तोंडावर अभियंत्यांना त्या यंत्रणेत शिरण्याची वाट बंद करण्यात आली. तरीही कोणीतरी आत शिरलं. हजारो सिग्नलांच्या त्या शहरात फक्त चार चौकांच्या वेळा बदलल्या गेल्या. त्यांतला एक विमानतळाच्या तोंडाशी होता, एक डाउनटाउनजवळ फर्स्ट स्ट्रीट आणि अलामेडा यांच्या छेदावर. जिकडून सर्वांत जास्त गाड्या येतात, त्या बाजूचा लाल दिवा लांबवण्यात आला होता. शिवाय दुसऱ्या कोणाला ते दुरुस्त करता येऊ नये अशी कडीही आतून घातलेली होती. सगळं पूर्ववत व्हायला चार दिवस लागले. याच यंत्रणेवर काम करणाऱ्या दोन अभियंत्यांवर खटला झाला. पुढे त्यांनी पालिकेच्या संगणकात बेकायदा शिरल्याचा गुन्हा कबूल केला आणि त्यांना तुरुंगाऐवजी दोन वर्षांची देखरेख मिळाली.

सिनेमावाल्यांना हे आधीच सुचलं होतं. १९६९ च्या ‘द इटालियन जॉब’मध्ये चोरटे तुरीन शहराच्या वाहतूक संगणकातली चुंबकीय फीत बदलतात आणि सोन्यासकट पळतात. २००३ मध्ये त्याच नावाचा सिनेमा पुन्हा निघाला तेव्हा शहर होतं लॉस एंजेलिस. त्या पडद्यावरच्या गोंधळापुढे २००६ चा प्रकार फारच साधा वाटतो. कुठे स्फोट नाही, एकही दिवा विझला नाही. रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला दिवे नेहमीसारखेच लाल-हिरवे होताना दिसत होते. फक्त काही सेकंद एका बाजूच्या खात्यातून काढून दुसऱ्या बाजूच्या खात्यात टाकले गेले होते.

केंद्रीय सिग्नल यंत्रणा याहून वेगळं काही करत नाही. ती रस्ता रुंद करत नाही, उड्डाणपूल बांधत नाही. चौकातला वेळ ठरलेला असतो, त्याची वाटणी ती करते. तेव्हा आधी ही वाटणी कशी होते ते पाहू.

सगळ्या दिशांना एकेकदा हिरवा मिळून चक्र पुन्हा पहिल्या दिशेपाशी येतं, त्या काळाला वाहतूक खात्यात सायकल म्हणतात. एका दिशेचा हिरवा संपून दुसरीचा लागताना काही सेकंद कोणाच्याच उपयोगाचे नसतात. एकीकडच्या गाड्या चौकातून बाहेर पडत असतात, दुसरीकडचा पहिला चालक अजून गिअर टाकत असतो. हे वाया गेलेले सेकंद प्रत्येक सायकलमध्ये ठरलेलेच असतात. म्हणून सायकल लांब ठेवली तर वाया जाणारा हिस्सा कमी होतो, पण लाल दिव्याला उभं राहणाऱ्याचा जीव जातो. मधला मार्ग कोणता, याचं सूत्र ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीत एफ. व्ही. वेबस्टर यांनी १९५८ साली मांडलं. आजही वाहतूक अभियांत्रिकीचा विद्यार्थी तेच आधी शिकतो. वाया जाणाऱ्या सेकंदांची दीडपट करा, त्यात पाच मिळवा, आणि चौकाच्या क्षमतेचा जो भाग अजून मोकळा आहे त्याने भागा.

आकडे घालून पाहू. सायकलमागे १२ सेकंद वाया जातात असं धरलं, तर वरचा आकडा २३ येतो. चौक ७० टक्के भरलेला असेल तर २३ भागिले ०.३, म्हणजे ७७ सेकंदांची सायकल पुरते. ८० टक्के भरला की ११५ सेकंद लागतात. ९० टक्क्यांना तोच आकडा २३० वर जातो, जवळजवळ चार मिनिटं. चौक आणखी दहा टक्के भरला आणि सायकल दुप्पट झाली! संध्याकाळी साडेसहाला जो चौक बरा चालतो, तोच सातला एकाएकी का तुंबतो, याचं उत्तर या भागाकारात आहे. पूर्ण भरलेल्या चौकाला हे सूत्र काहीच सांगू शकत नाही, कारण तिथे शून्याने भागावं लागतं.

एका चौकाचं गणित असं सुटतं. दोन चौक शेजारी आले की नवी अडचण उभी राहते. समजा, ते एकमेकांपासून ४०० मीटरवर आहेत आणि गाड्या ताशी ४० किलोमीटरने येताहेत. पहिल्या चौकातून सुटलेला घोळका ३६ सेकंदांनी दुसऱ्यात पोहोचेल. म्हणून दुसऱ्याचा हिरवा पहिल्यानंतर ३६ सेकंदांनी लावायचा. या मागेपुढे ठेवण्याला ऑफसेट म्हणतात. जाणाऱ्यांची सोय झाली, येणाऱ्यांचं काय? दुसऱ्या चौकातून उलट निघालेली गाडी आणखी ३६ सेकंदांनी पहिल्या चौकात येते, म्हणजे तिथला हिरवा लागल्यावर ७२ सेकंदांनी. सायकल नेमकी ७२ सेकंदांची असेल तर तिला पुन्हा हिरवा मिळतो. ९० ची असेल तर ती लाल दिव्यापुढे उभी. आता यात आडवे रस्ते मिळवा, चौकांमधली अंतरं असमान करा, सकाळ-संध्याकाळ गर्दीची दिशा पालटवा. कागदावर हे सोडवत बसणं माणसाच्या आवाक्याबाहेरचं होतं.

शिवाय एक अट अशी की मागेपुढे जुळवायचं तर त्या पट्ट्यातल्या सगळ्या चौकांची सायकल सारखी हवी. त्यामुळे लहान गल्लीच्या तोंडाशी, जिथे चाळीस सेकंदांत काम भागलं असतं, तिथेही मोठ्या चौकाची लांबलचक सायकल येऊन बसते. गल्लीतून रस्ता ओलांडू पाहणारी आजी त्या मोठ्या चौकाच्या गर्दीपायी ताटकळते. समन्वयाची ही किंमत उद्घाटनाच्या भाषणात कोणी सांगत नाही.

सिग्नल एका हातात आणण्याची कल्पना संगणकाहून जुनी. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत १९१७ सालीच सहा चौकांचे दिवे एका माणसाच्या हातातल्या खटक्याला जोडले होते. संगणक आला तो कॅनडात. व्हिएन्नात जन्मलेले आणि नाझींच्या तडाख्यातून निसटून कॅनडात पोहोचलेले जोसेफ केट्स यांनी १९५० मध्ये टोरोंटोच्या प्रदर्शनात फुली-गोळा खेळणारं एक अवाढव्य यंत्र मांडलं होतं, ‘बर्टी द ब्रेन’ नावाचं. लोक त्याच्याशी खेळायला रांगा लावत. त्याच केट्स यांनी पुढे टोरोंटोचे सिग्नल संगणकाला जोडण्याचं काम हाती घेतलं आणि १९६३ साली युनिव्हॅक संगणकावर शहराचे सिग्नल चालू लागले. जगातलं हे पहिलं उदाहरण. त्यानंतर ब्रिटनच्या प्रयोगशाळेने ‘स्कूट’ आणली, सिडनीने ‘स्कॅट्स’, आणि जगातल्या बऱ्याच शहरांनी या दोहोंपैकी एकीची वाट धरली. लॉस एंजेलिसने मात्र स्वतःची यंत्रणा स्वतःच्या खात्यात घडवली.

निमित्त झालं १९८४ च्या ऑलिम्पिकचं. मोटारींवर पोसलेल्या या शहरात दोन आठवडे जगभरचे पाहुणे येणार, तेव्हा सगळं ठप्प होणार अशी भाकितं वर्तमानपत्रांत वर्षभर चालली होती. शहराच्या वाहतूक खात्याने कोलिझियम स्टेडियम आणि शेजारच्या विद्यापीठाच्या परिसरातले ११८ चौक एका संगणकाला जोडले. रस्त्यांत ३९६ संवेदक पुरले. यंत्रणेचं नाव ‘ॲटसॅक’, म्हणजे स्वयंचलित वाहतूक पाहणी आणि नियंत्रण. खेळ झाले आणि कोंडी झालीच नाही.

याचं श्रेय ॲटसॅकला देण्याचा मोह त्या काळी बऱ्याच जणांना झाला. मला ते पटत नाही. त्या पंधरवड्यात कार्यालयांनी वेळा बदलल्या होत्या, ट्रकांनी माल रात्री उतरवला, प्रेक्षकांसाठी शेकडो जादा बस धावत होत्या, आणि घाबरलेले हजारो लोक सुट्टी घेऊन गावाला गेले होते. वेबस्टरच्या सूत्रात पाहिलं तसं चौक ९० टक्क्यांवरून ८० वर आला, तर कुठलीही यंत्रणा हुशार दिसते. खेळ संपले, माणसं कामावर परतली आणि रस्ते होते तसे झाले. पण ११८ चौक जोडलेले राहिले, आणि ते कामाचे आहेत एवढं खात्याला कळलं.

पुढची वाढ चौकाचौकाने, पैसे मिळतील तशी झाली. शहराचं क्षेत्रफळ बृहन्मुंबईच्या दुपटीहून जास्त. प्रत्येक चौकात नवी नियंत्रक पेटी बसवायची, तारा ओढायच्या, डांबर कापून संवेदक पुरायचे. मतदारांनी २००६ मध्ये मंजूर केलेल्या राज्याच्या कर्जरोख्यांतून १५ कोटी डॉलर मिळाले. २००८ च्या मतदानात परगण्यातल्या लोकांनी विक्रीकरात अर्धा टक्का वाढ स्वतःवर लादून घेतली, त्यातूनही मदत झाली. २०१३ मध्ये महापौर अँटोनियो व्हिलारायगोसा यांनी जाहीर केलं की शहरातले जवळजवळ ४,४०० सिग्नल आता एकमेकांशी जुळलेले आहेत. खर्च सुमारे ४० कोटी डॉलर, काळ २९ वर्षं. सिटी हॉल ईस्ट या इमारतीखाली चार मजले खोल असलेल्या कक्षातून हे सगळं पाहिलं जात होतं.

इतकं करून मिळालं काय? पालिकेच्याच हिशेबाप्रमाणे शहरात पाच मैल, म्हणजे आठ किलोमीटर जायला सिग्नल न जुळवता वीस मिनिटं लागली असती, त्या वेळी १७.२ लागत होती. सरासरी वेग ताशी २४ किलोमीटरवरून २८ च्या आसपास गेला. आठ किलोमीटरला पावणेतीन मिनिटं! ऐकताना ही बचत किरकोळ वाटते. लाखो गाड्यांनी गुणली तर ती मोठी आहे, इंधनाच्या आणि धुराच्या दृष्टीने तर फारच. पण ती टिकेलच याची हमी कोणी देऊ शकत नाही. जिल ड्युरँटन आणि मॅथ्यू टर्नर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या शहरी भागांची आकडेवारी मांडून दाखवलं की महामार्गांची लांबी जितकी वाढवावी, जवळपास तितक्याच प्रमाणात गाड्यांचं धावणंही वाढतं. त्यांचा अभ्यास रस्त्यांचा होता, सिग्नलांचा नव्हता. तरी चालकाच्या दृष्टीने फरक कसला? रस्ता रुंद केल्याने प्रवास लवकर होवो की दिवे जुळवल्याने, लवकर होतो म्हटल्यावर जो कालपर्यंत टाळत होता तोही गाडी बाहेर काढतो.

आता त्या पुरलेल्या संवेदकांकडे येऊ, कारण यंत्रणेचे डोळे तेच. रस्त्यात चौकोनी खाच पाडून तारेचे काही वेढे बसवतात आणि त्यातून बदलता विद्युतप्रवाह सोडतात. वरून मोटारीचं धातूचं धूड गेलं की वेढ्याचा चुंबकीय गुणधर्म किंचित बदलतो आणि चौकातल्या पेटीत नोंद होते, एक गाडी गेली. लॉस एंजेलिसची यंत्रणा या नोंदी सेकंदासेकंदाला घेते आणि सायकल, हिरव्याची वाटणी आणि ऑफसेट हे तिन्ही थोडे थोडे हलवत राहते. एकेका लेनमध्ये एकामागून एक मोटारी चालतात तिथे ही पद्धत उत्तम.

आपल्याकडच्या चौकात दुचाक्या दोन मोटारींमधल्या फटीतून पुढे सरकून पांढऱ्या पट्ट्यावर, कधी पट्ट्याच्याही पुढे जमा होतात. त्यांच्यात धातू कमी, आणि त्या लेनच्या मध्ये असतीलच असं नाही. तारेच्या वेढ्याला त्यातल्या निम्म्या दिसल्या तरी नशीब. म्हणून पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकच्या तिरुवनंतपुरमच्या केंद्राने भारतीय वाहतुकीसाठी ‘कोसिकॉस्ट’ नावाची वेगळी पद्धत तयार केली. मुंबईत जागतिक बँकेच्या मदतीच्या नागरी वाहतूक प्रकल्पातून केंद्रीय नियंत्रण आलं, पुण्यात स्मार्ट सिटी योजनेतून शंभरावर चौकांत सिग्नल आपोआप वेळ बदलणारे झाले. बंगळुरू, कोलकाता आणि हैदराबादेत गूगलने तिसरा मार्ग चाचपला. रस्त्यात काहीच पुरायचं नाही, लोकांच्या फोनमधून नकाशाला मिळणारा वेग पाहायचा आणि वेळ कुठे बदलावी ते वाहतूक पोलिसांना सुचवायचं.

आपल्याकडे केंद्रीय कक्षाचा खरा प्रतिस्पर्धी मात्र चौकातला हवालदार. गर्दी वाढली की तो पेटी उघडतो, सिग्नल मॅन्युअलवर टाकतो आणि समोरची रांग संपेपर्यंत हिरवा धरून ठेवतो. रांग संपते, लोक दुवा देतात. पण त्याने सोडलेला लोंढा पुढच्या चौकाच्या लाल दिव्यावर आदळतो, आणि तिथला हवालदारही नाइलाजाने पेटी उघडतो. कक्षातल्या पडद्यावर आखलेले ऑफसेट तिथेच मोडतात. अभियंते याला अडाणीपणा म्हणतात. मला तसं वाटत नाही. बंद पडलेली बस, चुकीच्या बाजूने घुसलेला टेम्पो, वाजंत्रीसकट रस्त्यात थांबलेली वरात हे हवालदाराला दिसतं आणि कक्षाला दिसत नाही. तो त्याच्या डोळ्यांपुरता बरोबर असतो. चूक होते ती पुढचा चौक त्याच्या डोळ्यांपलीकडे असतो म्हणून.

कक्षाला जे दिसत नाही त्याला सेकंद मिळत नाहीत, हा नियम लॉस एंजेलिसलाही लागू होता. पायी चालणारा तारेच्या वेढ्यावर उमटत नाही. त्याने खांबावरचं बटण दाबायचं, मग यंत्रणेला त्याचा पत्ता लागणार. शहरातल्या सनातनी ज्यू वस्त्यांत यातून पेच उभा राहिला. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी संध्याकाळपर्यंतच्या सब्बाथमध्ये विजेचं कोणतंही उपकरण चालवणं त्यांना वर्ज्य, त्यामुळे प्रार्थनामंदिरात पायी निघालेला माणूस बटण दाबू शकत नाही. खात्याने तिथल्या काही चौकांचं वेळापत्रक ज्यू पंचांगाशी जोडलं. सब्बाथ आणि सणांच्या दिवशी तिथे चालण्याचा दिवा आपोआप लागतो. मागणी करणारे संघटित होते, त्यांना दिसणं जमलं. ऑस्कर सोहळ्याच्या संध्याकाळी शेकडो लिमोझिन हॉलिवूडच्या एकाच दाराकडे निघतात तेव्हा अभियंते कक्षात बसून त्या वाटेवरचे दिवे हाताने जुळवतात, तोही दिसण्याचाच प्रकार.

पादचाऱ्याच्या वाट्याला किती सेकंद यावेत, हे त्याच्या चालण्याच्या गृहीत वेगावर ठरतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय नियमपुस्तकात हा वेग वर्षानुवर्षं सेकंदाला चार फूट होता. २००९ च्या आवृत्तीत तो साडेतीन फूट केला गेला, कारण वृद्ध माणसं त्या वेगाने चालत नाहीत हे मान्य करावं लागलं. ८० फुटी रस्ता ओलांडायला पूर्वी २० सेकंद दिले जात, नव्या हिशेबाने २३ लागतात. ते तीन सेकंद मोटारींच्या हिरव्यातून कापावे लागले. आधीची कित्येक वर्षं तेच तीन सेकंद म्हाताऱ्यांकडून कापले जात होते, इतकंच.

बसच्या बाबतीत शहराने २००० साली धाडस केलं. विल्शर आणि व्हेंच्युरा या मार्गांवर कमी थांब्यांची ‘मेट्रो रॅपिड’ बस सुरू झाली. बसमध्ये ओळख पटवणारं छोटं उपकरण होतं. बस उशिरा धावत असेल आणि चौकाजवळ पोहोचली असेल, तर तिच्यासाठी हिरवा दहा सेकंदांपर्यंत लांबवला जाई. बसचा प्रवास साधारण चतुर्थांशाने घटला. त्यातला मोठा वाटा थांबे कमी केल्याचा होता, पण सुमारे एक तृतीयांश बचत या सेकंदांनी करून दिली. आडव्या रस्त्यावरच्या मोटारींचं फारसं बिघडलं नाही.

हेच औदार्य रेल्वेला मिळालं नाही. २०१२ मध्ये डाउनटाउनपासून पश्चिमेकडे ‘एक्स्पो लाइन’ सुरू झाली. या मार्गाचा काही भाग रस्त्याच्या पातळीवरून, फ्लॉवर स्ट्रीटसारख्या ठिकाणी चौकांतूनच जातो. गाडी परगण्याच्या मेट्रोची, सिग्नल मात्र शहराच्या वाहतूक खात्याचा. शेकडो माणसांनी भरलेली गाडी डावीकडे वळणाऱ्या मोजक्या मोटारींसाठी लाल दिव्याला थांबू लागली. प्रवाशांनी तक्रारी केल्या, वाहतूक चळवळीतले कार्यकर्ते तावातावाने लिहू लागले. खात्याच्या बाजूने दिलं जाणारं उत्तर गणिती होतं. समजा, दोन्ही दिशांना दर सहा मिनिटांनी गाडी आहे, तर दर तीन मिनिटांनी एकदा चौकाची घडी मोडायची, मग आडव्या रस्त्यांचे जुळवलेले ऑफसेट सावरायला वेळच उरत नाही. गाड्या मोजल्या तर हे उत्तर बरोबर येतं. माणसं मोजली तर येत नाही, कारण एका रेल्वेगाडीतल्या माणसांना मोटारीतून न्यायचं तर दोन-अडीचशे मोटारींची रांग लागेल. काय मोजायचं हे सॉफ्टवेअर ठरवत नाही. ते आधी माणसांनी ठरवावं लागतं, आणि इथे ठरवणारी कार्यालयं दोन होती. २०१६ मध्ये हा मार्ग थेट सांता मोनिकाच्या समुद्रापर्यंत पोहोचला, तेव्हाही डाउनटाउनमधल्या त्या तुकड्यात गाडी लाल दिव्याला थांबतच होती.